सुराची विचारपूस

ओव्यांची पुस्तकं माझ्या पेटीशेजारच्या फळीवर ओळीनं उभी आहेत. साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीसाठी संपादित केलेले खंड, इंदिरा संतांची ‘मालनगाथा’. कुठलंही पान उघडावं; भाऊ, माहेर, सवत, लेक, विठ्ठल, वनवासातली सीता, न आलेला पाऊस असं बाईच्या जन्मात आलेलं सगळं तिथे दोन-दोन ओळींत बसलेलं असतं. या मंडळींनी ते वेचून ठेवलं म्हणून आज आपल्यापाशी आहे, आणि त्याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे. पण मी पेटी वाजवते. ओळ दिसली की तिच्या डोक्यावरचा स्वर शोधायची माझ्या डोळ्यांना सवय आहे, आणि या हजारो ओव्यांच्या डोक्यावर एकही स्वर नाही. ओळ कुठे तोडली, कुठला शब्द दोनदा घेतला, दुसऱ्या ओळीला आवाज वर गेला की खाली येऊन बसला, यातलं काहीही पानावर उमटलेलं नाही.

त्या काळात स्वर लिहिण्याची सोय नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. भातखंड्यांनी खाँसाहेबांकडून, बुवांकडून चीजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त त्या मात्रा मोजून मांडल्या. आज कुठल्याही तालुक्याच्या गावातली मुलगी त्यावरून ती चीज बसवू शकते. म्हणजे खाँसाहेबांची चीज आली ती स्वरांसकट आली, आणि जात्यावरची ओवी आली ती कविता होऊन आली. अशोक रानड्यांनी १९७५ साली ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून लोकसंगीताकडे संगीत म्हणून बघायची शिस्त मराठीत घालून दिली, पण ओवीपुरतं बोलायचं तर त्या वाटेनं फार थोडे गेले.

जुने लोक मात्र ओवीला गाणंच मानत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ इसवी सन ११२९च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे, आणि ती आहे गीतविनोदाच्या प्रकरणात, म्हणजे संगीताच्या चर्चेत. पुढे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त प्रबंधांची गणना केली, तिथेही ओवीला जागा आहे. राजदरबारातल्या संगीतपंडितांना उखळाशी बसलेल्या बाईचं गाणं नोंदवावंसं वाटलं. आठशे वर्षांनी आपण तेच गाणं छापखान्यात नेलं तेव्हा त्यातला गळा बाहेरच राहिला.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला सारखं आठवतं. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोटावर, म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या जे म्हणत ते घरातल्यांनी उतरून घेतलं. त्या गेल्या १९५१च्या डिसेंबरात, आणि मुलगा सोपानदेव यांच्यामुळे आणि आचार्य अत्र्यांमुळे पुढच्याच वर्षी ती गाणी छापून आली. आज त्यांतल्या ओळी महाराष्ट्रात माहीत नाहीत असं घर नसेल. आपल्या कानात त्यांच्या ज्या चाली आहेत त्या मात्र पुढच्या संगीतकारांच्या. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी लावलेली चाल इतकी आतून गायली गेली आहे की ती ऐकताना आणखी काही हवंसं वाटत नाही. तरीही पेटीवर तीच चाल वाजवताना मला दर वेळी वाटतं, असोद्याच्या त्या बाईनं घरोटाचा खुंटा ओढताना हेच शब्द कोणत्या स्वरांवर ठेवले असतील? खानदेशातली कुठली ओढ तिच्या आवाजात असेल? वहीला शब्द पकडता आले, बाकीचं त्या पहाटेबरोबर गेलं.

म्हणून गी पॉइटवां आणि हेमा रायरकर यांचं काम मला इतकं मोठं वाटतं. पुण्यात राहून या दोघांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ओव्या गोळा करायला घेतल्या. १००० हून अधिक गावं, ३००० हून अधिक बायका आणि १ लाखावर ओव्या इतका तो पसारा वाढला. त्यांनीही सुरुवात शब्दांपासूनच केली होती. १९९०च्या दशकात त्यांना बर्नार्ड बेल येऊन मिळाले, आणि मग जात्यापाशी ध्वनिमुद्रण यंत्र गेलं. सुमारे १२० तासांचं ते ध्वनिमुद्रण आहे. २०१७पासून ते ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर हळूहळू सगळ्यांसाठी खुलं होत गेलं, गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. काही गावांत ‘पारी’ची माणसं वीस वर्षांनी पुन्हा गेली आणि त्याच बायकांकडून, किंवा त्यांच्या सुनांकडून, पुन्हा ऐकून आली.

बेल यांच्याबद्दल आम्हा वाजवणाऱ्यांना वेगळी आस्था आहे. हाच माणूस त्याआधी मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेत रागातला स्वर नेमका कुठे लागतो ते मोजणाऱ्या यंत्रावर काम करत होता, आणि तबल्याचे कायदे संगणकाला समजतील अशा रीतीनं मांडायची ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली त्यानं उभी केली होती. दरबारी कानड्याचा गंधार किती हलतो ते तपासणारा कान पुण्याजवळच्या मुळशीतल्या पडवीत येऊन बसला, याला मी आपलं भाग्य समजते. त्या ध्वनिमुद्रणांत जात्याची घरघर दाबलेली नाही. खुंट्याची करकर, मध्येच कोंबडं, मागे रडणारं पोर, सगळं आहे, आणि त्या सगळ्यातून वर येणारा आवाज आहे.

तो आवाज मी पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकला तेव्हा पेटीवर हात ठेवून बसले होते. गाणारी बाई चार स्वरांत फिरत होती. षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम. ओळ संपताना कधी खालचा निषाद घेऊन परत षड्जावर. मध्यमाच्या वर ती गेलीच नाही. पण तिचा गंधार माझ्या पेटीत नव्हता. कोमल गंधाराच्या पट्टीहून तो चढा होता आणि शुद्धाहून उतरलेला. आधी वाटलं, वयामुळे आवाज ढळत असेल. मग पुढची ओवी आली, त्याच्या पुढची आली, आणि प्रत्येक वेळी ती बाई नेमकी त्याच जागी येऊन उभी राहिली. ढळणारा आवाज असा पुन्हा पुन्हा एकाच जागी येत नाही. ती तिची जागा होती, ठरलेली, बहुधा तिच्या आईनं दिलेली.

पट्ट्यांच्या मधल्या अशाच जागा शोधणारे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ सांगलीला होऊन गेले. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला, १९१०मध्ये त्यावर पुस्तक छापलं, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती वाजवणारी पेटीही करवून घेतली. मोठमोठ्या गायकांचे स्वर तपासून त्यांनी आपला हिशेब मांडला. १९४०मध्ये आकाशवाणीनं पेटीला दाराबाहेर काढलं तेही याच कारणासाठी, की दोन पट्ट्यांच्या मधलं तिला काही म्हणता येत नाही. जवळजवळ तीस वर्षं या वादात पेटीवाल्यांनी आपली बाजू मांडली, आणि मीही मांडते. या सगळ्या शंभर वर्षांच्या चर्चेत त्या मधल्या जागी सहज वावरणाऱ्या बाया सह्याद्रीच्या कुशीत पहाटे तीनला उठून दळत होत्या. श्रुतींचा हिशेब करताना त्यांच्या ओसरीवर जावं असं त्या काळी कुणाला वाटलं नसावं.

ध्वनिमुद्रणं ऐकून माझं भागेना म्हणून मी मुळशी खोऱ्यातल्या गावांत जाऊ लागले. ओळखीची एक शिक्षिका सोबत असायची. पहिल्या घरी गेलो तेव्हा सत्तरीच्या आजी पदर सावरून, भिंतीला टेकून बसल्या आणि आम्ही काही विचारायच्या आत सुरू झाल्या. लग्न कितव्या वर्षी झालं, सासू कशी होती, पहिलं पोर कसं गेलं. हे सगळं ओळीनं, विचारणाऱ्यांच्या सवयीचं झाल्यासारखं येत होतं. मी ते ऐकून घेतलं, कारण ते ऐकायलाच हवं. मग विचारलं, “आजी, ही चाल तुम्ही कुणाकडनं उचलली?”

आजी थांबल्या. भिंतीची टेक सोडून पुढे सरकल्या. “ही मावळनीची,” म्हणाल्या. “आईची येगळी हुती. आईच्या चालीला दम लागतो, लांबलांब जाती ती. मावळनीची आखूड. दोन येटोळ्यात सपती.” आणि दोन्ही म्हणून दाखवल्या. शब्द तेच, आणि फरक असा की ऐकणारा हलून जावा. आईच्या चालीत ओळीचा पहिला अर्धा भाग एका श्वासात, मग ‘गं बाई’वर थांबून तोच भाग पुन्हा, आणि तेव्हा कुठे उरलेली ओळ. मावळणीच्या, म्हणजे आत्याच्या, चालीत ओळ सरळ षड्जाकडे उतरत येते. लग्न होऊन सासरी आल्यावर मात्र यांपैकी एकही चाल चालेना. “सासूच्या हाताला जोर. जातं भराभरा फिरायचं. तिच्यासंगं माझं म्हननं बसंना. मग तिचीच चाल घ्येतली.” सासू कधी गावाला गेली आणि जाऊ समोर बसली की आईची चाल निघायची. एकटी दळताना मावळणीची.

मी कितीतरी मैफलींत साथ केली आहे. गायकाचा दम, तबलजीचा हात आणि आजची लय यांचा मेळ घालत जाणं हाच माझा धंदा. आजी सांगत होत्या ते तेच होतं. समोर कोण बसलंय यावर लय ठरणार, लयीवर चाल ठरणार, चालीवर ओवीतला कुठला शब्द लांबवायचा ते ठरणार. एका बाईपाशी तीन चाली होत्या आणि त्या कधी वापरायच्या याचं तिला पक्कं भान होतं. इतकी वर्षं तिला हे विचारलं गेलं नव्हतं, कारण आपण तिच्याकडे दुःख मागायला जातो. तिच्याकडे विद्याही आहे.

शेजारच्या घरातल्या काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना राहवलं नाही. “ह्या वढून म्हनतात. आमच्याकडं आसं न्हाई म्हनत.” आमच्याकडं म्हणजे त्यांच्या माहेरी, डोंगराच्या पलीकडे. मग दोघींची जुंपली, आणि ती जुंपणी फार सुंदर होती. कुणाचा गळा गोड पण बारीक, कुणाचा मोठा पण शब्द कळत नाही, वरच्या आळीतली कोण होती जी ओवीला ओवी जोडत उजाडेपर्यंत थांबत नसे, कुणाला नुसतेच शब्द येतात आणि चालीत बसवता येत नाहीत. आमच्या क्षेत्रात मैफल संपल्यावर चहाच्या कपाबरोबर जी बोलणी होतात, अगदी त्याच पोताची. आवाज, दम, लय, उच्चार, साठा; सगळे निकष हजर होते.

मग त्यांनी कोपऱ्यातलं जातं ओढलं. त्यावर पोती रचलेली होती, ती बाजूला केली. वरची पाळू उचलून बघितली, टाकी लावून किती वर्षं झाली कोण जाणे, दगड गुळगुळीत झालेला. तरी सुपात मूठभर तांदूळ घेतले आणि समोरासमोर पाय पसरून दोघी बसल्या. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो. तिथे बसून बघताना मला त्याचं कारण दिसलं. खुंटा स्वतःकडे ओढताना पोट आत जातं, त्या दाबानं आवाज आपोआप भरीव निघतो. खुंटा पुढे जातो तेव्हा अंग सैल होतं आणि तिथे स्वर हलका पडतो. भिंतीला टेकून म्हणताना आजींना जे शब्द आठवत नव्हते ते दोन-चार फेऱ्यांत येऊ लागले, आणि आवाजही आपल्या पट्टीला जाऊन लागला, मघापेक्षा चांगला दोन स्वर वर. ओवी आणि फेरा मात्र एकमेकांना बांधलेले नव्हते. ओळ कधी फेऱ्याच्या मध्यावर सुरू होई, कधी घास घालण्यापुरती थबके. घरघर अखंड चालू आणि तिच्यावर ओवी आपल्या श्वासानं तरंगत जाणारी. विलंबित आलापाला तानपुरा जसा लागतो तशी ती घरघर.

म्हणून ओव्यांखाली ढोलकीचा ठेका घालून केलेले मंचावरचे प्रयोग मला सोसत नाहीत. हेतू चांगला असतो, गाणाऱ्या मुलींचे आवाज तयार असतात. पण केरवा सुरू झाला की ओळीला दर चौथ्या मात्रेवर खिळा बसतो, श्वासानं लांबणारा शब्द कापला जातो, आणि तो मधला गंधार कीबोर्डच्या पट्टीवर आणून सरळ केला जातो. मग उरतं ते गोड, टाळ्या घेणारं आणि कुठल्याही गावचं नसलेलं गाणं.

लोकगीताकडे जाऊन मोठं काही घेऊन येणं कसं असतं ते कुमार गंधर्वांनी दाखवलं. १९४८मध्ये क्षयानं खिळलेले असताना ते देवासला आले. गाणं बंद होतं, कान उघडे होते. अंगणातून, रस्त्यावरून येणारी माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी ऐकली, जमवली, लिहिली. १९६५च्या ‘अनूपरागविलासा’त त्यांनी जे धुनउगम राग दिले, मालवती, सहेली तोडी, सांजारी, त्यांचा उगम त्या धुनांत आहे आणि तसं त्यांनी नावातच कबूल केलं आहे. राग मुळात लोकांच्या धुनांतून आले, हे त्यांचं म्हणणं त्यांनी गाऊन सिद्ध केलं. त्यांची ‘मालवा की लोकधुनें’ ऐकताना मला सर्वांत जास्त हे भावतं की ते गाणं बायकांच्या अंगानंच घेतात, त्यावर पांडित्य चढवत नाहीत. माझा वकूब त्या जातीचा नाही आणि मला ओवीतून रागही काढायचा नाही. मला एवढंच करायचं आहे की चालीला चालवणारीचं नाव लागावं. किराणा, जयपूर, ग्वाल्हेर अशी घराणी आपण सांगतो, कोणाची तालीम कोणाकडे झाली ते दोन-तीन पिढ्या मागे नेतो. मावळणीकडून भाचीकडे आलेल्या चालीचीही तशी नोंद हवी.

त्या नोंदींतून कितीतरी दिसायला लागतं. एकाच खोऱ्यात नदीच्या अलीकडची चाल पलीकडे ओळखत नाहीत, पण लग्नाच्या वाटेनं एखादी चाल चार डोंगर ओलांडून गेलेली असते. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या बांधल्या, त्या ‘पारी’वर ऐकायला मिळतात. विठ्ठलाच्या, रामाच्या ओव्या ज्या बांध्याच्या, त्याच बांध्यात भीमराव येतात आणि आवाजात एक वेगळं ताठपण येतं. शब्द बदलले की तीच चाल उभी राहायची पद्धत बदलते, हे छापील पानावरून कधीच कळलं नसतं.

पिठाची गिरणी आली याचं दुःख मी करत नाही. आजी म्हणाल्या, गिरणी आली तेव्हा हातांना देव भेटला, आणि त्यांच्या तळव्यांकडे बघितल्यावर त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दळण सुटलं ते बरं झालं. गाणं मात्र दळणापेक्षा मोठं आहे आणि त्याला दुसरीकडे जागा मिळू शकते. अजून एक जागा आहेही. हळदीच्या आदल्या दिवशी जातं पुजतात, खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी हात लावून हळकुंडं दळतात. त्या वेळी ओवी लागतेच, स्पीकरवर बाकी काहीही वाजत असलं तरी.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गावात आजींच्या नातीचं लग्न होतं, मला मुद्दाम बोलावणं आलं. जात्याशी सुना बसल्या होत्या, तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या, त्यांतली एक पुण्यात नोकरी करणारी. तिनं आजींचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकून आईची चाल बसवली होती, ती लांब, दमाची. आवाज कोवळा पण सुरेल, आणि ‘गं बाई’वरचं थांबणं तिला साधलं होतं. गंधार तिनं जवळजवळ शुद्धच लावला. मी काही बोलले नाही, ते माझं कामही नव्हतं. आजी खाटेवरून ऐकत होत्या. दुसरी ओवी संपली तशी त्यांनी हात वर केला. “थांब. तितं येवढी वर जाऊ नगंस. खाली ऱ्हा जरा.” आणि तो स्वर लावून दाखवला. सुनेनं पुन्हा म्हटलं. “आजून जरा.” तिनं परत म्हटलं. हळकुंडं तशीच राहिली, बाकीच्या सवाष्णी खुंट्यावर हात ठेवून बसून राहिल्या, बाहेरून कुणी तरी उशीर होतोय म्हणून ओरडलं. आजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. चौथ्यांदा म्हणायला लावलं, आणि मग म्हणाल्या, “हां. आता फिरवा जातं.”